टॉम्पकिन्सच्या गावातला प्रकाश

बँकेतले एक साधे कारकून, मिस्टर टॉम्पकिन्स, सापेक्षतावादावरील व्याख्यान ऐकता ऐकता झोपी जातात आणि स्वप्नात एका गावी पोचतात. तिथे प्रकाशाचा वेग सायकलच्या वेगापेक्षा थोडाच जास्त असतो. जॉर्ज गॅमॉव्ह यांच्या या गोष्टी १९३८ साली 'डिस्कव्हरी' या ब्रिटिश मासिकात येऊ लागल्या. पुढे 'मिस्टर टॉम्पकिन्स इन वंडरलँड' हे पुस्तक झाले. सतत आगगाडीने फिरणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थाला एक म्हातारी 'आजोबा' म्हणते, हा त्यातला प्रसंग वाचलेला विद्यार्थी 'गतिमान घड्याळ मंद चालते' हे विधान सहसा विसरत नाही. हे पुस्तकाचे मोठे यश आहे.

तरीही या गावात एक उणीव आहे. गॅमॉव्ह यांनी प्रकाशाचा वेग कमी केला. पण टॉम्पकिन्सच्या डोळ्यांपर्यंत दृश्य आणणाराही तोच सावकाश प्रकाश आहे, हे कथेत हिशेबात धरले नाही.

एक उदाहरण करून पाहू. गळ्यात मोठे घड्याळ अडकवलेला सायकलस्वार प्रकाशाच्या ३/५ वेगाने सरळ आपल्याकडे येत आहे. सूत्रानुसार आपल्या १० सेकंदांत त्याचे घड्याळ ८ सेकंदच पुढे जाते. पण आपल्याला दिसते काय? या १० सेकंदांत तो आपल्या इतका जवळ येतो, की ते अंतर कापायला प्रकाशाला ६ सेकंद लागले असते. म्हणून शेवटचा किरण १० सेकंद उशिरा निघाला, तरी पहिल्यानंतर अवघ्या ४ सेकंदांनी पोचतो. त्या ४ सेकंदांत घड्याळ ८ सेकंद सरकलेले आपण पाहतो. म्हणजे ते दुप्पट वेगाने चाललेले दिसते! तोच स्वार दूर जात असेल, तर ८ सेकंद सरकायला आपले १६ सेकंद लागतात. घड्याळ निम्म्या वेगाने चाललेले दिसते. हाच डॉप्लर परिणाम. प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ वजा केला, की दोन्ही वेळा उत्तर तेच येते: १० सेकंदांना ८.

चपट्या दिसणाऱ्या सायकलस्वाराचेही असेच आहे. लांबीचा संकोच मोजमापात येतो. डोळ्यांना दिसणारे चित्र निराळे असते. अतिवेगवान गोलाची कड वर्तुळाकारच दिसेल, हे रॉजर पेनरोज यांनी १९५९ साली दाखवले. जेम्स टेरेल यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हा प्रश्न सोडवला. तेव्हा एकट्या गॅमॉव्ह यांना दोष देण्यात अर्थ नाही.

मग ही उणीव काढायची कशाला? वर्गात आपण सहज म्हणून जातो, 'घड्याळ मंद दिसते'. या 'दिसते'मुळे चौकस विद्यार्थी कालप्रसरणाला दृष्टिभ्रम समजतो. त्याला म्यूऑनचे उदाहरण द्यावे. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद असते. सर्न प्रयोगशाळेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, वलयात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणारे म्यूऑन सरासरी सुमारे ६४ मायक्रोसेकंद टिकले. तिथे कुणी दूरवरचे घड्याळ पाहत नव्हते. म्यूऑन खरोखरच उशिरा नष्ट होत होते.

टॉम्पकिन्सची गोष्ट वर्गात जरूर वाचून दाखवावी. त्यानंतर सायकलस्वाराचे वरील गणित मुलांकडून करवून घ्यावे. 'मोजणे' आणि 'पाहणे' यांतला फरक त्यांना त्यातूनच कळेल.