नेढे तुटलेली सुई आणि बुडवलेले रोखे

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे एन्नोरची खाडी आहे. तेथून किनाऱ्याने दक्षिणेकडे येताना तिरुवोट्रियूर लागते. समुद्रालगत असलेली पट्टिनत्तार या तमिळ शैव कवीची समाधी हे या गावाचे एक भूषण होय. मराठी वाचकाला हे नाव अपरिचित असले, तरी त्याची कथा ऐकताना देहूचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. दोघेही वाणी, दोघेही हिशेबाच्या वहीतून कवितेकडे आलेले. मात्र दोघांच्या वैराग्याचा उगम एक नाही, आणि तुलनेचे खरे प्रयोजन या भेदातच आहे.

पट्टिनत्तार या नावाने वस्तुतः एकाहून अधिक कवी ओळखले जातात, असे अभ्यासक मानतात. अकराव्या तिरुमुरैत ज्याच्या पाच रचना समाविष्ट आहेत, तो दहाव्या शतकाच्या आसपासचा. सिद्धांच्या वळणाची, बोलभाषेच्या जवळची विरक्तिपर पदे नंतरच्या कवीची. लोकपरंपरेने मात्र एकच चरित्र घडविले. कावेरीपूमपट्टिनमचा हा धनाढ्य व्यापारी. त्याचा मानलेला मुलगा सफरीहून परततो आणि मागे एक पेटी ठेवून नाहीसा होतो. पेटीत नेढे तुटलेली सुई आणि एक ताडपत्र. शेवटच्या वाटेवर एवढी सुईदेखील सोबत येणार नाही, हा त्या पत्राचा आशय. भरल्या घरातून व्यापारी बाहेर पडतो.

तुकारामांचे घर भरलेले राहिले नव्हते. आईवडील गेले, थोरला भाऊ विरक्त होऊन निघून गेला आणि 1630च्या सुमाराच्या दुष्काळाने व्यापार, प्रतिष्ठा, पहिली पत्नी आणि मुलगा हिरावून घेतले. म्हणूनच एक आक्षेप संभवतो: जे सोडण्यासारखे उरलेच नाही, ते सोडण्यात वैराग्य कोणते? दिवाळे निघालेल्या माणसाने विठ्ठलाचा आश्रय घेतला, एवढेच यातून सिद्ध होत नाही काय?

या आक्षेपाचे उत्तर तुकारामांच्या आत्मपर अभंगांतच मिळते. त्यांनी दिवाळे लपविले नाही. लोकलज्जा, पत्नीचा अन्नावाचून झालेला मृत्यू, धंद्यातील तोटा, सारे स्वतःच्या तोंडाने सांगितले. पुढे जाऊन हे घडले ते बरेच झाले, असेही ते म्हणतात. मराठी समीक्षेने या उद्गाराकडे पुष्कळदा भाबड्या श्रद्धेने पाहिले आहे. वस्तुतः तो धोक्याचा उद्गार आहे. दुष्काळाबद्दल कृतज्ञता व्यक्त करणारी कविता दुसऱ्याच्या भुकेला उपदेशाचे पांघरूण घालू शकते. तुकारामांच्या अभंगाला या दोषापासून वाचविते ती त्यातील प्रथमपुरुषी भूमिका. ते आपल्याच तोट्याचा जमाखर्च मांडतात. इतरांच्या तोट्याला ते बरे म्हणत नाहीत.

याचा पुरावा परंपरेने जपलेल्या एका प्रसंगात आहे. वडिलार्जित कर्जरोख्यांची धाकट्या भावाशी वाटणी करून तुकारामांनी स्वतःच्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत सोडले. दुष्काळ एकट्या सावकाराचा नसतो, तो कुळांचाही असतो, ही जाणीव त्यामागे आहे. अंतःकरणातील समतोलाची पहिली खूण येथे ध्यानाच्या आसनावर दिसत नाही, ती वहीच्या पानावर दिसते. पट्टिनत्तारांची सुई मनुष्य सोबत काय नेऊ शकत नाही ते सांगते. तुकारामांचे बुडवलेले रोखे, मागे राहणाऱ्यांच्या माथी काय ठेवू नये ते सांगतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. समत्व म्हणजे भावनांचा अभाव, ही समजूत दोन्ही कवी खोटी ठरवितात. संन्यासी पट्टिनत्तार आईच्या चितेपाशी येतात तेव्हा त्यांच्या पदांत तत्त्वज्ञान मागे सरते आणि मुलाचा आक्रोश उरतो. तुकारामांच्या गाथेत तर संतापलेल्या पत्नीची गाऱ्हाणी तिच्याच बोलीत येतात. वैराग्याची किंमत घरात कोण मोजते, हे त्यांनी दडविलेले नाही. पट्टिनत्तारांच्या नावावरील उत्तरकालीन पदांत स्त्रीदेहाविषयीची जी कठोर जुगुप्सा आढळते, तिच्या शेजारी ही गाऱ्हाणी ठेवली म्हणजे तुकारामांच्या समतोलाचा पैस ध्यानात येतो. विरोधी आवाजाला आपल्या कवितेत जागा देण्याइतके त्यांचे मन स्थिर होते.

तंजावरच्या मराठी राजवटीमुळे मराठी कीर्तन तमिळ प्रदेशात रुजले आणि तुकारामांचे अभंग तेथील भजनपरंपरेत मिसळले. त्या मानाने पट्टिनत्तार मराठीत आले नाहीत. हे ऋण फेडण्याजोगे आहे. मात्र दोघांना एकत्र वाचताना एक पथ्य पाळावे लागेल. डिसेंबर 2023च्या चक्रीवादळी पुरात एन्नोरच्या खाडीत तेल पसरले आणि कोळ्यांच्या होड्या व जाळी काळवंडली. पट्टिनत्तारांच्या समाधीपासून ही खाडी दूर नाही. त्या कोळ्याला सुईची कथा ऐकवून संपत्तीचे नश्वरत्व पटविणे म्हणजे दोन्ही कवींचा विपर्यास होय. संकटातून मन वाढते हे खरे. पण ते सांगण्याचा अधिकार संकट सोसणाऱ्याचा. इतरांच्या वाट्याला रोखे बुडविण्याचे काम येते.