क्रीम 'ब्लाइंड', पण चेहरा बोलतो

मुरुमांवरच्या ट्रेटिनॉइन क्रीमच्या चाचणीत 'डबल ब्लाइंड' हा शब्द वाचून लगेच मान डोलावू नका. पहिल्या काही आठवड्यांत या क्रीमने त्वचा कोरडी पडते, लाल होते, सालपटं निघतात. औषध न घातलेल्या क्रीमने सहसा इतका त्रास होत नाही. म्हणजे कुणाला काय मिळालंय, हे रुग्णाला कळू शकतं आणि मुरुम मोजणाऱ्या डॉक्टरलाही! फोटोवरून मोजलं तरी लाली दिसतेच.

औषध कुचकामी आहे असं अजिबात नाही. त्वचेची छिद्रं तुंबणं ते कमी करतं. शंका आहे ती १२ आठवड्यांनी मोजलेल्या फरकाबद्दल. तो थोडा फुगलेला असू शकतो. म्हणून पेपरात शोधा: 'तुम्हाला कोणतं क्रीम मिळालं असं वाटतं?' हे रुग्णांना विचारलं होतं का? नसेल, तर तो आकडा जपून वापरा.