बायसिकल थीव्ज

बायसिकल थीव्ज : (लाद्री दि बिचिक्लेत्ते). युद्धोत्तर रोममधील बेकारीचे चित्रण करणारा इटालियन नववास्तववादी चित्रपट (१९४८). दिग्दर्शक व्हित्तोर्यो दे सीका. पटकथेत चेझारे झाव्हात्तीनी यांचा प्रमुख वाटा. भित्तिपत्रके चिकटविण्याचे काम मिळालेल्या आंतोन्योची सायकल पहिल्याच दिवशी चोरीस जाते व मुलगा ब्रूनो याच्यासह तो ती शहरभर शोधतो. विषय बेकारीचा असला, तरी चित्रपटाचे मर्म पितापुत्रांच्या संबंधात आहे. पेट्रोल पंपावर राबणारा ब्रूनो अकालीच प्रौढ झालेला आहे. अखेरीस हताश बाप स्वतःच सायकल चोरू पाहतो व पकडला जातो, तेही त्याला पाहावे लागते. मुलाकडे पाहून सायकलचा मालक बापाला सोडून देतो. ही दयाच बापाला अधिक लज्जित करते. ब्रूनो त्याचा हात हाती घेतो. त्यात दिलासा आहे. परंतु उद्याच्या भाकरीची सोय नाही. मूळ शीर्षकातील ‘चोर’ हा शब्द अनेकवचनी आहे, कारण बापही त्यांपैकीच एक ठरतो. अमेरिकेतील एकवचनी शीर्षकात हा अर्थ लोपला. आलेस्सांद्रो चीकोन्यीनी यांचे संगीत क्वचित भावविवश वाटते. मात्र कारखान्यातील कामगार लाम्बेर्तो माज्जोरानी (आंतोन्यो) व बालनट एन्झो स्तायोला (ब्रूनो) यांचा संयत अभिनय चित्रपटाला करुणेच्या प्रदर्शनापासून वाचवितो.