पदकांच्या यादीत आकाश कुठे आहे?

(व्याख्यानाचे शब्दांकन)

ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकीचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत झालं. ६४ देशांतली शाळकरी मुलं आली होती. भारताच्या पाच मुलांनी चार सुवर्ण आणि एक रौप्यपदक मिळवलं. त्यांचं कौतुक आहेच, आणि मनापासून आहे. पण कौतुक संपलं की विचार सुरू व्हावा, म्हणून आज मी या स्पर्धेबद्दल थोडं टीकेच्या अंगानं बोलणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. इथे सुवर्णपदक म्हणजे पहिला नंबर नव्हे. ठरलेल्या गुणांच्या वर गेलेल्या सगळ्यांना सुवर्ण मिळतं, त्याखालच्यांना रौप्य, मग कांस्य. म्हणजे बोर्डाच्या ‘विशेष प्रावीण्या’सारखं समजा. आपण मात्र क्रिकेटच्या धावफलकासारखी पदकं मोजतो आणि प्रश्नपत्रिकेत काय होतं, हे विचारत नाही.

तर, काय असतं? २००७ साली थायलंडमधल्या चिआंग माईला ही स्पर्धा सुरू झाली. तिचे तीन भाग असतात. निम्मे गुण लेखी सिद्धान्ताला, पाव भाग माहितीच्या विश्लेषणाला आणि पाव भाग निरीक्षणाला. आकाश आलं ते या शेवटच्या पाव भागात. आणि तिथेही ढग आले तर काय करायचं? मग ती फेरी तारांगणात किंवा छापील नकाशांवर घेण्याची सोय आहे. आता ऑगस्टमधलं मुंबईचं आकाश कसं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको! २०१६ साली हीच स्पर्धा भुवनेश्वरला झाली ती डिसेंबरात, पाऊस संपल्यावर.

पण माझी खरी तक्रार मुंबईच्या ढगांबद्दल नाही. ती आपल्याकडच्या निवडीबद्दल आहे. पहिली पायरी म्हणजे देशपातळीवरची बहुपर्यायी परीक्षा. दुसरी पुन्हा लेखी. मग मोजक्या मुलांना होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या शिबिराला बोलावतात, आणि तिथे निवडीत पहिल्यांदा दुर्बीण येते. म्हणजे हजारो मुलं या वाटेवर पाऊल टाकतात आणि एकदाही वर न बघता बाहेर पडतात. गणित जमलं तर पुढे, नाही तर नाही.

एक प्रसंग सांगतो. डिसेंबरातली रात्र होती. एका गावात आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता, वीज गेलेली, त्यामुळे आकाश अगदी लख्ख. मी मृग नक्षत्र दाखवत होतो. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, ते तिकांडं ना? आजी म्हणते, तिकांडं जिथून उगवतं ती खरी पूर्व. सूर्य काय, तो सरकतो.”

मी गप्पच झालो. कारण ती बरोबर होती. मृगाच्या मधले ते तीन तारे खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहेत, म्हणून ते जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतात, वर्षभर. सूर्य मात्र २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच नेमका पूर्वेला उगवतो. एरवी तो उत्तरेकडे नाही तर दक्षिणेकडे कललेला असतो.

हाच प्रश्न परीक्षेत असा येईल : शून्य क्रांती असलेला तारा क्षितिजावर कोणत्या दिगंशाला उगवेल? तयारी केलेला मुलगा दहा सेकंदांत ‘९० अंश’ लिहील. त्यानं तो तारा उगवताना कदाचित कधीच पाहिला नसेल. त्या मुलीनं पाहिलाय, पण ‘क्रांती’ हा शब्द तिला कुणी दिलेला नाही. दोघांकडे एकाच ज्ञानाचा अर्धा अर्धा भाग आहे. आपली चाळणी त्यातला एकच अर्धा ओळखते.

आता यावर कुणी म्हणेल, आणि ते खोटं नाही, की आजचे खगोलशास्त्रज्ञ तरी कुठे डोळ्यानं आकाश बघतात? नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. त्यांच्यापुढे माणूस संगणकावर आकडेच वाचतो. शिवाय लेखी परीक्षा सगळ्यांना सारखी असते, ढग सारखे नसतात. मान्य. म्हणूनच विश्लेषणाचा भाग मला या स्पर्धेतला सगळ्यात चांगला वाटतो. तिथे आकड्यांत चुका असतात, आलेख काढावा लागतो, अंदाज चुकतो.

पण निरीक्षण महागडं असतं, हे मात्र मला मान्य नाही. हात लांब करून मूठ धरा. ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुंबईहून ध्रुव तारा उत्तर क्षितिजाच्या वर सुमारे दोन मुठींवर दिसतो, कारण मुंबईचा अक्षांश १९ आहे. झालं, तुम्ही अक्षांश मोजलात! खर्च शून्य.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. पहिल्या पायरीच्या आधी मुलांना तीन महिन्यांची आकाशवही ठेवू द्या. चंद्र रोज किती सरकला, तिकांडं किती वाजता उगवलं, एवढंच. तिला गुण नकोत. पण परीक्षेत दोन-तीन प्रश्न असे हवेत, की वही ठेवलेल्याला ते सोपे जावेत. हे काम चालवायला माणसंही आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, गावोगावी हौशी मंडळी आहेत.

आणि भाषेचं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक देशाचे शिक्षक रात्र जागून प्रश्नपत्रिका आपल्या मुलांच्या भाषेत उतरवतात. जगाच्या पातळीवर जी मुभा आहे, ती तयारीच्या पातळीवर मराठी मुलाला मिळते का? त्या मुलीला ‘तिकांडं’पासून ‘क्रांती’पर्यंत नेणारं पुस्तक तिच्या शाळेच्या कपाटात आहे का?

चार सुवर्णपदकं आली, छान झालं. ती मुलगी आता दहावीत असेल. या स्पर्धेचं नाव तिनं ऐकलं असेल का, ते मला माहीत नाही. माझी टीका एवढीच आहे.

आता प्रश्न घेऊ.