घुबडाचे कान: पेन यांच्या पेपरने नेमकं काय सिद्ध केलं?

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलंच वाक्य होतं: ‘घुबडे कानाने शिकार करतात, हे रॉजर पेन यांनी सिद्ध केले आहे.’ गाईडनी त्यावर लाल रेघ ओढली आणि विचारलं, “पेपर वाचलाय, की नुसतं नाव टाकलंय?” खरं सांगतो, वाचला नव्हता. मग वाचला. पेटची तयारी करताना तुम्हीही वाचा.

हा पेपर १९७१ साली ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायोलॉजी’मध्ये आला. पक्षी गव्हाणी घुबड, खोली पूर्ण अंधारी, जमिनीवर सुका पाला. उंदीर चालला की घुबड नेमकं त्याच्यावर झडप घालायचं. पण पेन इथे थांबले नाहीत, हीच या कामाची ताकद. वासाने कळत असेल का? अंगाच्या उष्णतेने? म्हणून त्यांनी उंदराएवढा कागदाचा बोळा पाल्यातून ओढला. त्याला ना वास, ना ऊब. तरी झडप आलीच. एक कान बंद केला, तर नेम चुकला. पर्यायी कारणं एकेक करून कशी बाद करायची, ते इथे शिकावं.

आता मर्यादा. अंधाऱ्या खोलीत कान ‘पुरेसे’ ठरले. शेतात ते ‘आवश्यक’च असतात, असं त्यातून निघत नाही. आमच्या शिरूर अनंतपाळकडे तुरीत वारा सुटला की सगळं रानच सळसळतं. चांदण्या रात्री डोळेही कामाला येत असणार. पेन यांच्या खोलीत वाराही नव्हता, चांदणंही नव्हतं.

दुसरी चूक माझी: ‘घुबडे’ हे अनेकवचन. गव्हाणी घुबडाच्या कानांची छिद्रं खाली-वर असतात. त्यामुळे दोन कानांत आवाज कमी-जास्त ऐकू येतो आणि तो वरून आला की खालून, हे कळतं. डावं-उजवं कळतं ते आवाज कोणत्या कानात आधी पोचला त्यावरून. नुडसन आणि कोनिशी यांनी १९७८ मध्ये त्याच्या मेंदूत आवाजाच्या दिशांचा नकाशाच दाखवला. पण आपल्या चिंचेवरच्या पिंगळ्याचे कान असे खाली-वर नसतात. मग एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला कसा लावायचा?

माझं वाक्य आता असं आहे: ‘पूर्ण अंधारात गव्हाणी घुबड केवळ आवाजावरून भक्ष्याची जागा हेरू शकते.’ दावा लहान झाला, पण रेघ आली नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आज असंच तपासून बघा.