सलग मेमरीचा कच्चा वायदा

फुल एचडी चित्राची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० पिक्सेल. पिक्सेलमागे तीन बाइट धरले तर सहा मेगाबाइटांहून अधिक जागा लागते. फोर-केची फ्रेम पंचविशीच्या घरात जाते. शिवाय एका फ्रेमवर भागत नाही: एक कॅमेऱ्यातून भरत असते, दुसरीवर एन्कोडर काम करत असतो, तिसरी पडद्यावर असते. लिनक्स कर्नलचा नेहमीचा ‘बडी’ अ‍ॅलोकेटर ४ किलोबाइटच्या पेजपासून दुपटीदुपटीने गठ्ठे बांधतो आणि सर्वसाधारण मांडणीत ४ मेगाबाइटला थांबतो. म्हणजे मशीन नुकतेच सुरू झालेले असो, सगळी मेमरी मोकळी असो, एचडीची ती एक फ्रेमही त्याच्या मापात बसत नाही. मशीन दिवसभर चालले, की ४ मेगाबाइटचा सलग तुकडाही दुर्मीळ होतो.

प्रोसेसरला याची झळ लागत नाही. त्याच्याजवळ एमएमयू आहे. विखुरलेली पेजेस त्याला सलग दिसतात. स्वस्त व्हिडिओ डीकोडरच्या रजिस्टरमध्ये मात्र दोनच गोष्टी लिहिता येतात, सुरुवातीचा पत्ता आणि लांबी. त्याला खरोखरची, भौतिक सलग मेमरी लागते.

यावरचा जुना उपाय सरळ होता: मशीन सुरू होतानाच मेमरीचा एक भाग कर्नलपासून लपवायचा आणि डिव्हाइसला आंदण द्यायचा. फ्रेम-ग्रॅबर कार्डांच्या काळात त्यासाठी ‘बिगफिजएरिया’ नावाचा पॅच फिरत असे. अँड्रॉइडने सुरुवातीला ‘पीमेम’ वापरले. २०१२मध्ये आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायवर तर हे उघड्या डोळ्यांनी दिसे. एकूण मेमरी २५६ मेगाबाइट, आणि त्यातली प्रोसेसरला १२८ द्यायची, १९२ की २२४, हे ठरवायला फर्मवेअरची वेगवेगळी फाइल एसडी कार्डवर ठेवावी लागे. व्हिडिओ बघा अथवा नका बघू, ग्राफिक्सचा वाटा बाजूला पडलेलाच. या पद्धतीला पुढे बरीच नावे ठेवली गेली. तिचा एक गुण मात्र कुणी नाकारू शकत नाही: राखलेली मेमरी मागितली की मिळतेच.

सॅमसंगच्या पोलंडमधील मिखाल नाझारेविच यांनी २०१०मध्ये ‘कंटिग्युअस मेमरी अ‍ॅलोकेटर’, म्हणजे सीएमए, मांडला तेव्हा तोही मुळात राखीव जागेचा नीटनेटका कारभारच होता. राखलेली मेमरी रिकामी का पडू द्यायची, हा आक्षेप लगेच आला, आणि त्यातूनच आजचा सीएमए घडला. मारेक शिप्रोव्हस्की यांनी तो पुढे नेला आणि जुलै २०१२च्या लिनक्स ३.५मध्ये तो दाखल झाला. त्याची कल्पना एसटीतल्या राखीव सीटसारखी आहे: हक्काचा प्रवासी येईपर्यंत कोणीही बसावे, तो आला की उठावे. राखीव पट्ट्यात फक्त ‘हलवता येणारी’ पेजेस ठेवायची. कॅमेऱ्याने जागा मागितली की त्यांचा मजकूर दुसरीकडे कॉपी करायचा, पेज-टेबल सुधारायचे आणि पट्टा मोकळा करून द्यायचा. पेजेसची हलणारी आणि न हलणारी अशी विभागणी मेल गॉर्मन यांच्या कामामुळे २००८च्या २.६.२४ आवृत्तीपासून कर्नलमध्ये होतीच. सीएमए त्याच पायावर उभा आहे.

कल्पना देखणी आहे, पण ती पाळायची जबाबदारी सीएमएच्या हाती नाही. एखादे पेज हलवता येण्यासारखे म्हणून पट्ट्यात येते आणि मग दुसराच कोणी त्याला धरून बसतो. एक्स्ट-फोर फाइलसिस्टमचा सुपरब्लॉक हे याचे माझे आवडते उदाहरण. डिस्क माउंट झाली की तो वाचला जातो आणि अनमाउंट होईपर्यंत सुटत नाही. तो राखीव पट्ट्यात पडला, की त्या तुकड्याचा विषय संपला. २०१४मध्ये सुपरब्लॉकसाठी न हलणारी मेमरी वापरण्याची दुरुस्ती झाली. डायरेक्ट आय-ओ किंवा आरडीएमएसाठी पिन केलेल्या पेजेसचा प्रश्न याच जातीचा. दीर्घकाळ पिन करायचे पेज आधी पट्ट्याबाहेर काढायचे, ही शिस्त मागाहून आली. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती. पण प्रत्येक वेळी कुठेतरी सलग जागा मिळाली नाही, म्हणूनच ती झाली. कर्नल लॉगमध्ये ‘पेजेस व्यस्त’ असा शेरा दिसतो. कोणी व्यस्त ठेवली, हे तो सांगत नाही.

उलट बाजूनेही कुचंबणा आहे. हलणारी मागणीसुद्धा आधी सामान्य मेमरीतून भागवली जाई आणि ती संपल्यावरच सीएमएकडे वळे. न हलणाऱ्या मागणीला तर तिथे प्रवेशच नाही. परिणामी पट्टा मोकळा पडलेला आणि कर्नल मेमरीअभावी प्रक्रिया मारतो आहे, असे विचित्र दृश्य दिसे. जूनसू किम यांनी सीएमएची मेमरी वेगळ्या झोनमध्ये नेण्यासाठी काही वर्षे झुंज दिली, ४.१७च्या तयारीत ते काम स्वीकारलेही गेले आणि २०१८मध्ये त्याच आवृत्तीच्या प्रकाशनाआधी मागे घेतले गेले. अखेर २०२०मध्ये रोमन गुश्चिन यांचा नियम टिकला: मोकळ्या मेमरीपैकी निम्म्याहून जास्त सीएमएत असेल, तर हलणारी मागणी तिथून भागवा. निम्मेच का? याला सिद्धान्ताचा आधार नाही, तो अंदाजच आहे. पण चालतो. त्याच सुमारास गुश्चिन यांनीच सर्व्हरवर एक गिगाबाइटची ह्यूजपेजेस मिळवण्यासाठी सीएमए वापरला. फोनच्या कॅमेऱ्यासाठी बांधलेली गोष्ट डेटा-सेंटरमध्ये पोहोचली.

माझ्या मते या साऱ्यात सर्वात विचारपूर्वक मांडणी सोंगजे पार्क यांच्या ‘गॅरंटीड सीएमए’ची होती. पट्ट्यात हलवता येईल ते नव्हे, तर तत्क्षणी टाकून देता येईल तेच ठेवायचे, म्हणजे डिस्कवर प्रत असलेली स्वच्छ पेजेस. कॉपी नाही, विनवणी नाही. मुख्य कर्नलने ती तेव्हा उचलली नाही.

डिव्हाइसांसाठीच्या एमएमयूने, म्हणजे आयओएमएमयूने, हा प्रश्न मिटवला, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो अर्धाच मिटला. रास्पबेरी पाय ४च्या थ्रीडी भागाला स्वतःचा एमएमयू मिळाला, पण पडद्याला चित्र पुरवणारा भाग सलग मेमरीच मागत राहिला. संरक्षित व्हिडिओसाठी हार्डवेअर पत्त्यांच्या मोजक्याच पट्ट्यांवर पहारा ठेवू शकते, त्यामुळे तिथेही सलग तुकडाच लागतो. विंडोजचा सल्लाही जुन्या वळणाचा आहे: सलग मेमरी हवी असेल तर ड्रायव्हर सुरू होतानाच मागून घ्या.

आणि लिनक्सवरचे कितीतरी ड्रायव्हर नेमके तेच करतात. सुरुवातीलाच सीएमएतून मोठा बफर घेतात आणि मशीन बंद होईपर्यंत सोडत नाहीत. आंदणाची जुनी प्रथा नव्या कागदावर. त्यांना दोष देणे मला जड जाते. ड्रायव्हर डीएमए मेमरी मागतो तेव्हा त्याला आकार सांगता येतो आणि झोपून थांबता येईल की नाही, एवढे सांगता येते. तेहतीस मिलिसेकंदांत फ्रेम हवी, त्यापुढे मिळाली तरी उपयोग नाही, हे सांगायची सोय त्या मागणीत आजही नाही.