'डाउट'चे दोन अन्वय

'डाउट' या इंग्रजी क्रियापदाला 'शंका घेणे' असा प्रतिशब्द देऊन आपण सहसा मोकळे होतो. अनुवादकाची अडचण मात्र तेथूनच सुरू होते. आजच्या प्रमाण इंग्रजीत हे क्रियापद अविश्वासाकडे झुकते. एलिझाबेथकालीन इंग्रजीत ते उलट दिशेनेही वळत असे. जे घडले असावे असे वाटते त्याविषयीची भीती वा संशयही त्यातून व्यक्त होई. स्कॉटलंडच्या इंग्रजीत हा अर्थ अद्याप टिकून आहे.

'हॅम्लेट'च्या दुसऱ्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात या द्व्यर्थतेला नाट्यमूल्य प्राप्त होते. मुलाच्या भ्रमिष्टपणाचे कारण सांगताना राणी गर्ट्रूड हे क्रियापद 'संशय येणे' याच अर्थी योजते. पाठोपाठ पोलोनियस हॅम्लेटने ऑफिलियाला लिहिलेले पत्र वाचून दाखवतो. त्यातील चार ओळींत हे क्रियापद चार वेळा येते. ताऱ्यांचे अग्निरूप आणि सूर्याचे भ्रमण यांसंबंधी ते अविश्वास सुचवते. तिसऱ्या ओळीत सत्य हेच असत्य असल्याचा संशय, असा अर्थ घ्यावा लागतो. आणि अखेरच्या प्रेमाच्या ग्वाहीत ते पुन्हा अविश्वासाकडे परतते. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्येच प्रसिद्ध झालेला असल्यामुळे सूर्यभ्रमणाचा दाखलाही निःशंक राहत नाही. ग्वाही ज्या शब्दावर उभी आहे, तो शब्दच स्थिर नाही.

आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून मराठीने हे नाटक आपलेसे केले आहे. म्हणून हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. तिसऱ्या ओळीत 'संशय' आणि इतरत्र 'शंका' योजल्यास अर्थ सुबोध होतो, परंतु पुनरुक्तीतील अस्वस्थता नाहीशी होते. वास्तविक मराठी 'शंका' स्वतःच दुहेरी आहे. 'तो येईल याविषयी शंका आहे' या वाक्यात न येण्याचा संभव बळावतो. 'तो येऊन गेला असावा अशी शंका आहे' यात येऊन गेल्याचा. शब्द तोच राहतो. 'याविषयी' आणि 'अशी' यांनी अन्वय पालटतो.

तेव्हा चारही ओळींत 'शंका' कायम ठेवून केवळ अन्वय बदलणे, हा मार्ग मूळ संहितेशी अधिक प्रामाणिक ठरेल. तिसऱ्या ओळीपाशी वाचक अडखळेल, हा आक्षेप मान्य आहे. परंतु ते अडखळणे टाळणारा अनुवाद हॅम्लेटच्या प्रेमाला मुळात नसलेली निश्चिती बहाल करतो.